मारोतरावांची बायजा

मारोतराव गजघाट्यांनी मला पहिल्यांदा गुलाबाचं फूल दिलं, तेव्हा देण्याआधी माझ्यासमोर त्याचे डोळे काढले.

देठाला जिथं पान चिकटलेलं असतं, तिथं बगलेत एक बारीक फुगवटा असतो. गुलाबवाले त्याला डोळा म्हणतात. तो सालीसकट अलगद उचलायचा, जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची; ह्याला डोळा भरणं म्हणतात. लागला तर त्याच जातीचं नवं झाड तयार. मारोतरावांच्या खिशात दवाखान्यातलं एक जुनं पातं कागदात गुंडाळलेलं असायचं. ते काढून त्यांनी देठावरचे पाचही डोळे खरवडले आणि फूल माझ्यापुढं धरलं.

"अहो, हे काय केलंत?" मी घाबरूनच गेले.

"आंधळं केलं," ते म्हणाले. "आता हे कोणाच्या कामाचं नाही. वास घ्या फक्त."

आमच्या गुलाबप्रेमी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत मारोतरावांवर कोणीतरी लिहावं असं ठरलं. अध्यक्ष रुपराव म्हणाले, "वहिनी, तुमच्या वहीत सगळं असंल, तुम्हीच लिहा." मी रोज पूजा झाली की वहीत चार ओळी लिहिते: तिथी, देवाला कोणतं फूल वाहिलं, ते कुठून आलं, आणि दिवसातलं काही ठळक. रुपरावांना ठाऊक आहे की त्या वह्यांत माझीही एक गोष्ट आहे. ती वगळून मारोतरावांवर लिहिता येत नाही, म्हणून तीही लिहिते.

मारोतराव धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. अडुसष्ट साली माझ्या सासूबाईंना रोज इंजेक्शन लागायचं, म्हणून ते सायकलवर रामदासपेठेत आमच्या घरी यायचे. अंगणातल्या गुलाबांकडे जाता-येता पाहायचे, पण बोलायचे नाहीत. आमच्या घरी गुलाब म्हणजे ह्यांचा जीव. हे वकील. कोर्टातून आले की काळा कोट उतरायच्या आधी खुरपं हातात. एका झाडावर ह्यांची विशेष माया होती. वर्षभरात ते डोक्याइतकं उंच झालं, पण फुलाचं नाव नाही. शेणखत झालं, हाडांचं खत झालं, मासळीचं पाणी झालं. त्या वासानं मी दोन दिवस देवघराची खिडकी उघडली नव्हती.

एके सकाळी मारोतराव सिरिंज उकळायला ठेवून अंगणात गेले.

"वकीलसाहेब, एक सांगू? राग नका मानू."

"बोला."

"तुमचा गुलाब मेला. तुम्ही वर्षभर खुंटाले खाऊ घालून राहिले."

ह्यांना काही कळेना. मग मारोतरावांनी समजावलं. खालच्या जंगली खुंटाला स्वतःचे फुटवे आले आणि ते वेळेवर काढले नाहीत, तर सगळं अन्न खुंटच खातो आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. "पानं मोजा नं. तुमच्या गुलाबाले एका काडीवर पाच होते. ह्याले किती हायेत?"

हे वाकून मोजायला लागले. सात. दुसरी काडी मोजली. सात. आमच्या सासूबाई आतून खाटेवरून म्हणाल्या, "अशिलं बरी ओळखतोस रे! घरातलं झाड ओळखलं नाहीस!"

दुसरा कोणी असता तर ह्यांनी त्याला पुन्हा फाटकात पाऊल टाकू दिलं नसतं. पण ह्यांनी पुढच्याच महिन्यात मारोतरावांना मंडळाचं सभासद करून घेतलं. मंडळात डॉक्टर, इंजिनीअर, बडे अधिकारी. कंपाउंडर आल्याची थोडी कुजबुज झाली. पण प्रदर्शनात फुलं ठेवायला सलाइनच्या धुतलेल्या दोनशे बाटल्या मारोतरावांनीच आणून दिल्या, तेव्हा ती थांबली.

त्यांची हकीगत मला तुकड्यातुकड्यानं कळली. वडील काटोलकडे संत्र्याची कलमं बांधायचे. जांभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा. मारोतराव सात-आठ वर्षांचे असल्यापासून बापामागे सुतळी घेऊन चालायचे. बाप गेला तेव्हा माय, बायजाबाई, पोराला घेऊन नागपूरला आली आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाच्या बागेत निंदणाला लागली. सतरा वर्षं तिनं गुलाबांच्या वाफ्यातलं गवत काढलं. फुलाला हात लावायची परवानगी नव्हती. गळून पडलेल्या पाकळ्यासुद्धा माळी मोजून नेत असे म्हणे. घरी आल्यावर माय पोराला सांगायची, आज पिवळं उमललं, वास मात्र नाही, नुसता कागद. छप्पन साली मायलेकांनी दीक्षा घेतली. घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. मायनं पहिलं काय विचारलं असेल? "ह्याच्यासमोर फूल ठेवलेलं चालते का रे?" चालतं म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग घरचं पाहिजे. वासाचं पाहिजे."

त्या एका वाक्यावर माणसानं पंधरा वर्षं घालवली. इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरावर पत्र्याशेजारी वीतभर गच्ची होती. तिथं डालड्याच्या डब्यांत झाडं. एका फुलाच्या पाकळ्या काढून, आतले पराग चिमट्यानं खुडून, त्यावर दुसऱ्या जातीचे पराग कुंचल्यानं लावायचे. वर कागदाची टोपी. फळ धरलं तर चार-पाच महिने जपायचं. बी काढलं की ते थंडीत ठेवावं लागतं, नाहीतर उगवत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात थंडी आणायची कुठून? मारोतरावांनी बिया दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये, लशींच्या बाटल्यांमागे ठेवल्या. एकदा डॉक्टरांच्या हाती ती पुडी लागली.

"हे कोणत्या रोगाचं औषध आहे, मारोतराव?"

"माझ्याच रोगाचं, साहेब."

डॉक्टर हसले आणि पुडी पुन्हा आत ठेवली. शंभर बियांतून दहा उगवायच्या, दहांतली एखादी धड फुलायची, आणि तीही पाहून मारोतराव म्हणायचे, "कागद." सहासष्ट साली एक झाड बरं निघालं होतं. मंडळात येण्याआधीच एका प्रदर्शनात ठेवलं. संध्याकाळी बाटली होती, फूल नव्हतं. पुढच्या वर्षी तोच गुलाब बाहेरगावच्या कुणा रोपवाल्यानं दुसऱ्याच नावानं विकायला काढला. तेव्हापासून मारोतरावांच्या हातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक देठाचे डोळे आधी खरवडले जायचे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात त्यांचं मनासारखं झाड फुललं. माय त्याआधी दोन वर्षं गेली होती. झाडाचं नाव त्यांनी बायजा ठेवलं. तीन वर्षं पारखून पाहायचं आणि मगच मंडळात दाखवायचं, असा त्यांचा नियम. तोवर कोणाला फूल दाखवायचंही नाही.

सासूबाई गेल्यावरही मारोतराव रविवारी यायचे, ह्यांना डोळे भरायला शिकवायचे. ह्यांची बोटं जाड, डोळा चिरडून जायचा. मारोतराव मला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही शिका. भाकर थापणारा हात हाये, सालीले समजून घेते." मी ओट्यावरून पाहत असे. करून कधी पाहिलं नव्हतं.

बहात्तरच्या माघातल्या चतुर्थीला, आमच्या गणपतीच्या जन्मदिवशी, मी मारोतरावांकडे एक वासाचं फूल मागितलं. हे खटल्यासाठी चंद्रपूरला गेले होते. मारोतराव सकाळी दारात आले. त्यांच्या हातात जे होतं ते पाहून मी पदर सावरायला विसरले. बाहेरून दुधाच्या सायीसारखं, आतून तांब्याची झाक, आणि वास असा की कोणी वेलदोडा नुकताच सोलला आहे.

"बायजा," ते म्हणाले आणि खिशातून पातं काढलं.

"नका!" मी ओरडलेच. "खंडित फूल देवाला चालत नाही."

त्यांचा हात थांबला. त्यांनी पातं पुन्हा कागदात गुंडाळलं. "मी छप्पन साली देव सोडले, वहिनी. पण तुमच्या देवासमोर आंधळं फूल मी नाही ठेवत. घ्या असंच. देठाचं काय?"

"निर्माल्यात जाईल. आणखी कुठं जाणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी पाकळ्या निर्माल्यात गेल्या. देठ हातात राहिला. हिरवा, रसरशीत, पाच डोळ्यांचा. कुंपणाजवळ ह्यांचं एक जुनं गुलाबी झाड होतं, त्याच्या खालच्या फांदीला मी नखानं साल सोडवून पाहिली. सुटत होती. मला कोणाचं काही घ्यायचं नव्हतं. हात साधतो का, एवढंच पाहायचं होतं. देठाचा तिसरा डोळा काढला, फांदीवर चीर दिली, आत सरकवला आणि मारोतरावांनीच सासूबाईंच्या वेळी ठेवून दिलेली चिकटपट्टी वर गुंडाळली. महिन्यानं पट्टी सुटली. डोळा काळा पडला होता. मला सुटल्यासारखं वाटलं, तेही वहीत आहे.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात मारोतराव साळ्याच्या लग्नाला भिवापूरला गेले. तीनच दिवस. शेजाऱ्याला पाणी घालायला सांगितलं होतं, पण त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात इंदोऱ्यात नळच आला नाही. गच्चीवर डबे तव्यासारखे तापले. परत आले तेव्हा बायजाची दोन्ही झाडं जळाली होती. बी लावून झालेलं एक, डोळा भरून केलेलं एक, जगात एवढी दोनच होती. साल खरवडून पाहिली तर आत तपकिरी.

हे आम्हाला सांगायला ते आले नव्हते. ह्यांनी विचारलं, बायजा कशी आहे, तेव्हा म्हणाले, "गेली." आणि पाणी प्यायला मागितलं. त्या दिवशी मी कुंपणाजवळ जाऊन पाहिलं. काळा व्रण तसाच. मी गप्प राहिले. मेलेल्या डोळ्यासाठी मोडलेला शब्द कशाला उघड करायचा, असं स्वतःलाच सांगितलं.

चौऱ्याहत्तरचा जानेवारी. प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. त्या साली महिनाभर ह्यांचं काहीतरी गुपित चाललं होतं. कुंपणाजवळच्या झाडावर कापडी पिशवी बांधलेली, आणि मला ताकीद, तिकडची फुलं पूजेला तोडायची नाहीत. प्रदर्शनाआधी काही झाडं अशी राखीव असतातच, म्हणून मी विचारलं नाही. त्या दिवशी पहाटेच हे गेले आणि जाताना म्हणाले, "अकराला ये. आल्या आल्या नव्या जातींच्या टेबलापाशी जा."

मी गेले. टेबलाच्या मधोमध सलाइनच्या बाटलीत एक फूल होतं. बाहेरून साय, आतून तांबं. मी थबकले. वाकले. वेलदोडा.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. फुलापुढं ह्यांच्या वळणदार अक्षरात कार्ड होतं: "नवी जात. नाव: शामला. गुलाबी झाडावर आपोआप आलेला स्पोर्ट."

स्पोर्ट म्हणजे एखाद्या झाडाची एकच फांदी कधीतरी आपल्याआप वेगळ्या रंगाचं फूल देते. हजारांत एखाद्याच्या नशिबी येतं. आणि ज्याच्या झाडावर येतं, नाव तो ठेवतो. शामला माझं नाव.

"काय, बसला ना धक्का?" हे मागून हसत हसत आले. कधी नव्हे ते चारचौघांत माझ्या इतके जवळ उभे राहिले. "वीस वर्षांत तुझ्या मनासारखं एक लुगडं मला आणता आलं नाही. म्हटलं, गुलाब तरी. ऑक्टोबरात झाड फार खाली छाटलं, तर खालून ही फांदी फुटली! रुपराव म्हणतात, पानं वेगळी दिसतात. म्हटलं, दिसू द्या!"

मी पडलेली पिशवी उचलली. आणि नेमके तेव्हाच मारोतराव बाटल्यांचं खोकं घेऊन दारातून आत आले.

त्यांनी खोकं जमिनीवर ठेवलं. टेबलापाशी आले. फूल पाहिलं, वास घेतला, देठाचं एक पान उलटं करून पाहिलं. आठ महिन्यांपूर्वी आपल्या हातानं माती दिलेलं माणूस समोरून चालत यावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी कार्ड वाचलं. ह्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "हे देवाले वाह्यलं होतं नं?"

उत्तराला न थांबता ते खोकं तिथंच सोडून निघून गेले.

"काय म्हणाले ते? देवाला काय?" हे विचारू लागले.

"घरी चला."

"आत्ता? तीन वाजता परीक्षक येतात!"

"आत्ताच चला."

घरी मी बहात्तरची वही काढली. ह्यांना उभ्यानंच वाचायला दिली. "माघ शुद्ध पंचमी. काल गणपतीला मारोतरावांचं फूल वाहिलं, अखंड. आज देठ टाकवेना. तिसरा डोळा कुंपणाजवळच्या गुलाबी झाडावर भरला. कोणाला सांगितलं नाही." आणि महिन्यानंतरची ओळ: "पट्टी सुटली. डोळा काळा. गेला. सुटल्यासारखं वाटलं."

ह्यांच्यातला वकील जागा झाला. "गेला, असं तूच लिहिलंयस. तुझ्याच साक्षीनं तुझा दावा पडतो! दोन वर्षांपूर्वी मेलेल्या डोळ्यातून फांदी येते का कुठं?"

"चला, झाडच पाहू."

आम्ही कुंपणाशी बसलो. फांदी जिथून निघाली होती तिथं सालीवर आडव्या-उभ्या चिरेचा जुना व्रण होता. ह्यांनी नखानं तो खरवडला. सालीच्या आत गेलेला, मळून काळपट झालेला चिकटपट्टीचा एक धागा वर आला. हे इस्त्रीच्या कपड्यांसकट मातीतच बसले.

"महिनाभर मी हिला झाकत होतो," हे म्हणाले. मग नेहमीच्या कोर्टाच्या आवाजात: "फूल मागे घेतो. कारण सांगायचं नाही. लोक विसरतील."

"आणि मारोतराव?"

"त्यांना घरी जाऊन सांगू."

"कार्ड त्यांनी घरी नाही वाचलं. हॉलमध्ये वाचलंय."

हे मातीतून उठले नाहीत. मी एकटीच रिक्षात बसले. परीक्षक टेबलापाशी पोचले होते. मी रुपरावांकडे पेन मागितलं. त्यांना वाटलं, सही राहिली असेल. मी माझं नाव खोडलं आणि वर लिहिलं: "बायजा. तयार करणारे मारोतराव गजघाटे, इंदोरा." खाली लिहिलं: "ह्याचा डोळा मी आमच्या झाडावर न विचारता भरला. शामला." अक्षरं वाकडी आली.

"वहिनी, हे काय करून राहिल्या तुम्ही?" रुपरावांचा चष्मा नाकावर घसरला.

"खरं लिहून राहिले, रुपरावजी."

मला वाटलं होतं, आता बक्षीस मारोतरावांना मिळेल. तसंही झालं नाही. फूल भरणाऱ्याच्या स्वतःच्या बागेतलं पाहिजे, असा नियम. मारोतरावांच्या बागेत बायजा नव्हती, आणि आमच्या बागेत होती ती आमची नव्हती. परीक्षकांनी कार्डावर "बाद" लिहिलं. पहिलं बक्षीस एका वास नसलेल्या पिवळ्या फुलाला गेलं.

संध्याकाळी हे आणि मी इंदोऱ्याला गेलो. मारोतराव सहा वर्षं आमच्या घरी येत होते. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले. कारण लिहायला नको, वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

दार त्यांच्या घरच्या पंचफुलाबाईंनी उघडलं. "या. बरं झालं आले. दुपारपासून बोलून नाही राहिले हे. मी म्हटलं, कोण मेलं? तं म्हणते, मेलं नाही, जिवंत झालं."

मारोतराव बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. देठ, तिसरा डोळा, काळा व्रण, मे महिन्यातलं माझं गप्प बसणं. ते ऐकत होते, आणि शेवटच्या गोष्टीला त्यांनी मान वर केली.

"डोळा काळा दिसला म्हून मेला असं नसते, वहिनी. झोपते तो. वरून फांदी छाटली का उठते. मे महिन्यात एक शब्द बोलल्या असत्या तं मी त्याच दिवशी सायकल काढली असती." ते बाजेवरून उठले. "आठ महिने माही माय दुसऱ्यांदा मेली होती. तुमाले माहीत होतं, अन् तुम्ही मले पाणी आणून दिलं."

हे पुढं झाले. "चूक माझीही आहे, मारोतराव. मी आपोआप आलंय म्हणून नाचत बसलो. पानंही मोजली नाहीत."

"तुम्ही कधी मोजली, वकीलसाहेब?" मारोतराव म्हणाले, आणि ह्यांच्याआधी पंचफुलाबाईच हसल्या. मग त्यांनी चहा आणला. माझ्यापुढं कप ठेवून त्या तिथंच थांबल्या. "घ्या वं बाई. चहाले डोळे नसतात." मी कप उचलला तेव्हा त्या माझ्याकडे नाही, कपाकडे पाहत होत्या. पूर्ण रिकामा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मारोतराव पातं आणि ओलं गॉज घेऊन आले. मला वाटलं, दोन-चार काड्या नेतील. त्यांनी ती फांदी बुडापासून कापली. व्रणासकट, धाग्यासकट. आमच्या झाडावर हिरवा ठिपका ठेवला नाही. ह्यांनी न राहवून म्हटलं, "एखादा डोळा इथं..." मारोतरावांनी गॉजची गाठ मारली आणि फाटक लावून गेले.

चौदा डोळे निघाले. एक स्वतःला ठेवून बाकीचे त्यांनी मंडळाच्या त्याच आठवड्यातल्या सभेत वाटले. ज्या माणसानं, मला दिलेला एक सोडला तर, सात वर्षं कोणाला डोळस देठ दिला नाही, तो नावं घेऊन एकेकाला बोलावत होता, आणि बोलावलेले लोक एकमेकांकडे पाहत होते. "एका गच्चीवर ठेवली अन् गमावली. आता चौदा घरी राहील. नाव बदलायचं नाही, एवढंच." आमचं नाव त्यांनी घेतलं नाही. ह्यांनी शेवटपर्यंत वाट पाहिली. पुढच्या दोन वर्षांत अख्ख्या मंडळात बायजा नसलेलं एकच घर उरलं, ते रामदासपेठेतलं आमचं.

पंचाहत्तरच्या माघात चतुर्थीला सकाळी दार वाजलं. मारोतराव. हातात बायजा. मी मागितलं नव्हतं. हात जोडणार तोच देठ दिसला. पाचही डोळे खरवडलेले.

ते सायकलवर बसून गेले. मी फूल घेऊन देवघरात बसले. आमच्या घरात सासूबाईंच्या काळापासून खंडित फूल देवासमोर ठेवलेलं नव्हतं. मी ते ठेवलं. वहीत लिहिलं: "आज गणपतीला खंडित फूल. दुसरं ठेवायचा मला हक्क नाही." शहात्तरलाही तसंच आलं. सत्त्याहत्तरलाही. मी दर वर्षी ठेवत गेले, आणि दर वर्षी देठ निर्माल्यात टाकत गेले.

अठ्ठ्याहत्तरच्या चतुर्थीला मारोतरावांनी फूल दिलं आणि सायकलकडे वळले. मी देठावरून बोट फिरवलं. पहिला डोळा खरवडलेला. दुसरा खरवडलेला. तिसऱ्यावर बोट थांबलं. चौथा, पाचवा खरवडलेले. पुन्हा तिसऱ्यावर आले. गुबगुबीत, लालसर टोकाचा, अखंड.

मी अनवाणीच फाटकापर्यंत धावले. "मारोतराव! एक चुकून राहिला."

त्यांनी सायकलवरचा पाय खाली घेतला. "अठ्ठावीस वर्षं सुया टोचून राहिलो, वहिनी. हात चुकत नाही माहा."

"मग भरू?"

"काहून विचारता?"

"विचारते."

त्यांनी माझ्या मातीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "पूजा होऊ द्या आधी," म्हणाले, आणि गेले.

त्या दिवसाची ओळ अशी आहे: "माघ शुद्ध चतुर्थी. गणपतीला मारोतरावांची बायजा. पूजेनंतर तिसरा डोळा कुंपणाजवळच्या त्याच गुलाबी झाडावर भरला. विचारून."